वर जाण्याच्या तारखा पाठ आहेत, पण ते खाली कसे आले?

रोहिणी_सांगली

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला भावाकडे गेले होते. बाकी काही बघणं झालं नाही तरी चालेल, पण नेहरू तारांगणातली सोयूझ टी-१० या सोव्हिएत यानाची कुपी (माणसांना घेऊन खाली परतणारा भाग) बघायचीच, असं घरूनच ठरवलं होतं. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा हिच्यातूनच पृथ्वीवर परतले. (जाताना ते टी-११ मधून गेले. नवं यान अवकाश स्थानकाला जोडून ठेवायचं आणि आधीपासून तिथे असलेलं जुनं घेऊन परतायचं, अशी तेव्हाची पद्धत.) फोटोत ती एखाद्या घंटेसारखी गोंडस दिसते. समोर उभं राहिलं की नजर खिळते ती तिच्या अंगावर. चुलीवर वर्षानुवर्षं वापरलेल्या पातेल्याचं बूड असावं तशी ती करपलेली आहे. भाऊ पुढच्या दालनात निघून गेला तरी मी तिथेच उभी.

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर त्याच तारखा लिहिते. ४ ऑक्टोबर १९५७ पहिला उपग्रह स्पुटनिक, ३ नोव्हेंबर १९५७ लायका कुत्री, १२ एप्रिल १९६१ अवकाशात गेलेला पहिला माणूस गागारिन. त्या कुपीसमोर लक्षात आलं की या सगळ्या निघण्याच्या तारखा आहेत. परत कसे आले हे मी कधी शिकवलंच नाही, कारण मलाच ते धड माहीत नव्हतं. गेले दोन महिने तेच वाचते आहे आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

आधी अडचण काय ती सांगते. पृथ्वीजवळच्या कक्षेत यानाचा वेग असतो सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. म्हणजे सांगलीहून पुणं अर्ध्या मिनिटात. हा वेग मिळवायला काही मजली उंच रॉकेट जाळावं लागतं. तोच वेग रॉकेट जाळून उतरवायचा, तर जवळपास तेवढंच रॉकेट भरून वर न्यावं लागेल. ते शक्य नाही. म्हणून फक्त एक हलका ब्रेक मारायचा, कक्षेचा खालचा भाग हवेत बुडवायचा आणि उरलेलं काम हवेवर सोपवायचं. गागारिनच्या व्होस्तोक यानाचा ब्रेक सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेग कमी करायचा. एकूण वेगाचा पन्नासावा भाग. बाकी सगळा वेग हवेशी झुंजताना उष्णतेत जायचा.

आणि हा हलका ब्रेकसुद्धा नेमक्या दिशेने लागला पाहिजे. यानाचं तोंड चुकीकडे असेल तर तोच ब्रेक अ‍ॅक्सिलरेटर होतो. हे खरोखर घडलंय. मे १९६० मध्ये रशियनांनी कोराब्ल-स्पुटनिक १ नावाचं साडेचार टनांचं यान सोडलं. आत माणूस नव्हता, ते सुखरूप परत मिळवायचंही नव्हतं. फक्त ब्रेक लावून बघायचा होता. १९ मेला आज्ञा दिली, इंजिन पेटलं आणि यान खाली यायच्या ऐवजी आणखी वरच्या कक्षेत गेलं, कारण दिशा दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. पुढे दोनेक वर्षं ते तसंच घिरट्या घालत राहिलं. सप्टेंबर १९६२ मध्ये त्याचा नऊएक किलोचा तुकडा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावात भररस्त्यात येऊन पडला.

लायकाच्या वेळी तर परतीचा विचारच नव्हता. स्पुटनिक २ मध्ये खाली येण्याची काही सोयच केलेली नव्हती. ती काही दिवस जगली असं जगाला कितीतरी वर्षं सांगितलं गेलं. उड्डाणानंतर काही तासांतच आतल्या उष्म्याने ती गेली, हे २००२ साली उघड झालं. १४ एप्रिल १९५८ ला ते यान तिच्यासकट हवेत जळून गेलं. दरवर्षी वर्गात "पृथ्वीच्या कक्षेत गेलेली पहिली कुत्री" एवढंच सांगून मी पुढे जायचे. यंदा नाही गेले. पूर्ण सांगितलं.

माझ्या मते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा असा आठवडा म्हणजे ऑगस्ट १९६० मधला. १९ ऑगस्टला बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्या, सोबत उंदीर, माश्या, रोपं असा सगळा लवाजमा वर गेला आणि २० ऑगस्टला जिवंत खाली आला. कक्षेत जाऊन सुखरूप परतलेले हे पहिले जीव. त्याच्या तीनच आठवडे आधी, २८ जुलैला, चायका आणि लिसिच्का या दोघी रॉकेट कोसळून गेल्या होत्या. आणि नंतर १ डिसेंबरला पचोल्का आणि मुश्का एक दिवस कक्षेत काढून निघाल्या, पण ब्रेक नीट लागला नाही. यान सोव्हिएत हद्दीबाहेर उतरेल असं दिसलं. परक्या हाती पडू नये म्हणून आत स्फोटक बसवलेलं होतं, त्याने ते हवेतच उडवलं गेलं. या चौघींची नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत.

गागारिनचा परतीचा प्रवास पुढच्या प्रतिसादात लिहिते. लांबलंय फार.

—

ओतारी_कोल्हापूर

रोहिणीताई, वाचतोय. आमचा शिरोलीला फाउंड्रीचा धंदा आहे. लोखंडाचा रस चौदाशे-पंधराशे अंशांचा असतो, रोज डोळ्यांसमोर. त्यामुळे एकच विचारतो, ती कुपी वितळत कशी नाही? आम्ही साच्याच्या आतल्या अंगाला ग्रॅफाइटचा लेप देतो, रस साच्याला धरू नये म्हणून. तसाच काही लेप का? आणि हवेच्या घर्षणाने एवढी उष्णता खरंच होते?

—

रोहिणी_सांगली

ओतारीदादा, लेपाचा तुमचा अंदाज बराच जवळचा आहे. आणि घर्षणाचं म्हणाल, तर मीही कितीतरी वर्षं वर्गात "घर्षणाने तापते" असंच सांगत आले. घर्षण असतंच, पण मोठा वाटा दाबाचा. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून जोरात दट्ट्या मारला की पंप तळाशी गरम लागतो ना, तेच. यान इतक्या वेगात येतं की समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती कोंडते, दबते आणि पेटल्यासारखी तापते.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, हॅरी ज्युलियन अ‍ॅलन. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रात होते. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं, हवा कापत यायचं तर टोक सुईसारखं हवं. अ‍ॅलननी १९५१ च्या सुमारास उलटं दाखवलं: टोक बोथट ठेवा. बोथट वस्तूच्या पुढे हवेची एक जाड गादी तयार होते आणि ती तापलेली लाट अंगाला न चिकटता पुढेच थांबते. उष्णतेचा मोठा भाग आजूबाजूच्या हवेतच निघून जातो. टोकदार वस्तूला ती लाट चिकटूनच असते, म्हणून ती जळते. पुढे अमेरिकेच्या मर्क्युरी, जेमिनी, अपोलो या यानांच्या सगळ्या कुप्या बुडाकडून बोथट झाल्या. रशियनांनी तर सरळ गोळाच केला, २.३ मीटर व्यासाचा. त्याचं वजन एका बाजूला जास्त ठेवलं. तळ जड असलेली बाहुली पाडली तरी डुलत उभी राहते, तसा तो गोळा हवेत शिरला की आपोआप जड बाजू पुढे करायचा. सुकाणूची गरजच नाही.

आणि लेप. काचतंतू आणि राळ यांचा जाड थर देतात. तो टिकण्यासाठी नसतोच, जळण्यासाठी असतो. जळताना वायू होऊन निघून जातो आणि उष्णता बरोबर घेऊन जातो. दिल्लीच्या कुपीवर दिसते ती त्याचीच खूण.

—

ओतारी_कोल्हापूर

जळण्यासाठीच दिलेला थर! हे उद्या कारखान्यात सगळ्या पोरांना सांगणार.

—

रोहिणी_सांगली

आता गागारिन.

१२ एप्रिल १९६१. मॉस्कोच्या घड्याळात सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी उड्डाण. सगळा प्रवास १०८ मिनिटांचा. ब्रेकच्या इंजिनाला पर्याय नव्हता, दुसरं इंजिन नव्हतंच. ते पेटलं नसतं तर खालच्या कक्षेतल्या विरळ हवेने यान आपोआप काही दिवसांत खाली येईल, असा हिशेब करून आत दहा दिवसांचं अन्न ठेवलं होतं. प्रत्यक्षात कक्षा ठरल्यापेक्षा बरीच उंच गेली, सव्वातीनशे किलोमीटरवर. दहा दिवसांचा तो हिशेब तिथेच कोलमडला होता. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

ब्रेक लागला, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ. त्यानंतर काही सेकंदांत मागचा यंत्रांचा भाग सुटून जायला हवा होता. तो सुटला पण तारांच्या एका जुडग्याने लटकून राहिला. गोळा आणि ते लटकणं दोन्ही एकमेकांभोवती गरगर फिरू लागले. दहाएक मिनिटांनी ती जोडणी तुटली, तेव्हा कुठे गोळा स्थिर झाला. खिडकीच्या झडपेच्या कडेने लालभडक उजेड आत येत होता आणि बाहेर काहीतरी तडतडत होतं, असं त्याने नंतरच्या अहवालात लिहिलंय. वय २७. घरी दोन मुली, धाकटी महिन्याभराची.

आणि शेवटची गोष्ट, जी आमच्या पाठ्यपुस्तकात कधीच नव्हती: गागारिन यानातून उतरला नाही. गोळ्याचं जमिनीवर आपटणं माणसाला झेपणारं नव्हतं. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर खुर्चीसकट त्याला बाहेर फेकलं गेलं आणि तो स्वतःच्या पॅराशूटने उतरला. विक्रमांची नोंद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम होता की वैमानिक यानासोबतच उतरला पाहिजे. त्यामुळे सोव्हिएत सरकारने ही गोष्ट बरीच वर्षं दडवली.

उतरला तो सारातोव्ह प्रांतात, स्मेलोव्का गावाजवळ. आन्ना ताख्तारोव्हा नावाच्या बाई आपल्या लहान नातीबरोबर बटाटे लावत होत्या. आकाशातून नारिंगी कपड्यांचा, पांढऱ्या शिरस्त्राणाचा माणूस शेतात उतरला. त्या घाबरून मागे सरल्या. घाबरू नका, मी आपलाच माणूस आहे, असं तो ओरडून सांगत होता. अवकाशातून परतलेल्या पहिल्या माणसाला भेटलेली पहिली माणसं म्हणजे ही आजी आणि ही नात.

—

फौजी_सातारा

ताई, पॅराशूटचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी पॅरा रेजिमेंटमध्ये होतो, आग्र्याला ट्रेनिंग झालं. आम्ही हजार-बाराशे फुटांवरून उडी मारायचो. छत्री उघडल्यावर खाली पोचायला मिनिटभरही लागायचं नाही. पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून, हनुवटी छातीला लावून पडायचं. तेवढ्यातही पहिल्या उडीला माझी जीभ कोरडी पडली होती.

सात किलोमीटर म्हणजे तेवीस हजार फूट. वाऱ्याने माणूस कुठल्या कुठे जातो. गागारिनच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे: मुख्य छत्री उघडल्यावर राखीव छत्रीही बाहेर पडून उघडली. तो दोन छत्र्यांवर उतरला. ऐकणाऱ्याला वाटेल, दोन म्हणजे दुप्पट सुरक्षित. तसं नसतं. दोन्हींच्या दोऱ्या गुंतल्या तर दोन्ही जातात. शिवाय त्याच्या सुटातली बाहेरची हवा घेण्याची झडप कपड्यात अडकली होती, ती उघडायला त्याला सहा मिनिटं झगडावं लागलं. कक्षेतून आलेला माणूस शेवटच्या सहा मिनिटांत गुदमरून गेला असता.

त्याच्या धैर्यापेक्षा मला त्याच्या शांत डोक्याचं जास्त वाटतं.

—

खगोलवेडा_०७

धागा उत्तम आहे, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. परत येणं हाच खरा टप्पा म्हटलं तर जे परत आलेच नाहीत त्यांचं काय? स्पुटनिक १ फक्त ८३.६ किलोचा होता, तीन आठवडे बीप-बीप करून गप्प झाला आणि ४ जानेवारी १९५८ ला जळाला. पण त्या बीपने जग बदललं. अमेरिकेचा एक्स्प्लोरर १ उपग्रह परत आला नाही, तरी पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांचा पहिला सुगावा त्याने दिला. व्हॅन अ‍ॅलन पट्टे म्हणतो आपण त्यांना. व्हॅनगार्ड १ तर दीड किलोचा चेंडू, १७ मार्च १९५८ ला गेला, आजही वर फिरतोय. मुका आहे, पण आहे.

आणि रशियाचं लूना ३ यान. ऑक्टोबर १९५९ मध्ये तो चंद्राच्या मागून गेला आणि आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूचे २९ फोटो काढले. तेव्हा डिजिटल काही नव्हतं, साधी फिल्म. ती यानातच रसायनात धुतली, वाळवली, मग प्रकाशाच्या ठिपक्याने रेघ-रेघ वाचून रेडिओने पृथ्वीवर पाठवली. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओची अख्खी डार्करूम, चार लाख किलोमीटरवर! फोटो धूसर आले, पण माणसाने चंद्राची पाठ पहिल्यांदा पाहिली. यान परत आणलं नाही, दृश्य आणलं. हा टप्पा बेल्का-स्त्रेल्कापेक्षा लहान कसा?

—

रोहिणी_सांगली

खगोलवेडा, लहान नाहीच. लूना ३ ची डार्करूम मला ठाऊक नव्हती, सोमवारी वर्गात सांगणार. माझा आग्रह एवढाच की माणूस पाठवायचा ठरलं त्या क्षणी प्रश्न बदलला. फोटो रेडिओने आणता येतो. माणूस नाही.

—

ओहायोकर

फोटोच म्हणाल तर त्याच ऑगस्ट १९६० मधली दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती वस्तू मी पाहिली आहे. रेडिओने आलेला फोटो धूसर असतो. अमेरिकेला सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ मोजायचे होते, त्यासाठी फिल्मच हातात हवी होती. १ मे १९६० ला त्यांचं यू-२ हेरगिरी विमान रशियात पाडलं गेलं आणि विमानाचा मार्ग बंद झाला. म्हणून उपग्रहातून फोटो काढून फिल्मचं रीळ कुपीत घालून खाली टाकायचं, अशी योजना. नाव कोरोना. लोकांना सांगायचं नाव डिस्कव्हरर.

पहिले बारा प्रयत्न फसले. कधी रॉकेट गेलं, कधी फिल्म तुटली, कधी कुपीच सापडली नाही. तेराव्या वेळी, ११ ऑगस्ट १९६० ला, समुद्रातून कुपी उचलली गेली. कक्षेतून परत मिळालेली ती माणसाची पहिली वस्तू. आत कॅमेरा नव्हता, अमेरिकेचा झेंडा होता. आणि १९ ऑगस्टला, म्हणजे बेल्का-स्त्रेल्का वर असतानाच, डिस्कव्हरर १४ ची कुपी हवाईजवळ पॅराशूटवर तरंगत येत असताना सी-११९ विमानाने मागे लटकवलेल्या आकड्यांनी हवेतच पकडली. वैमानिक हॅरोल्ड मिचेल. दोन फेऱ्या हुकल्या, तिसरीला सुमारे साडेआठ हजार फुटांवर आकडा लागला. नऊएक किलो फिल्म. आधीच्या सगळ्या यू-२ उड्डाणांनी मिळून टिपला नव्हता इतका सोव्हिएत प्रदेश त्या एका रिळात होता.

ती कुपी इथे ओहायोत डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. लग्नाच्या पंगतीतल्या मोठ्या पातेल्याएवढी. आईवडील भारतातून आले होते, त्यांना घेऊन गेलो होतो. बाबा रेल्वेत होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चालत्या गाडीतून टोकन घ्यायचो, तसंच हे." स्टेशनावर न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर वेताच्या रिंगणातलं टोकन हात घालून उचलायचा, ते. मला याहून चांगलं वर्णन सुचत नाही.

—

माणिक_गिरगाव

ओहायोकर, टोकनचं वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा रेल्वेचेच.

गागारिन १९६१ च्या अखेरीला भारतात आला होता तेव्हा मुंबईतही आला होता. माझी आई तेव्हा शाळेत. मामाच्या खांद्यावर बसून तिने त्याला गाडीतून जाताना पाहिलं. तिला आठवतं ते त्याचं हसू, आणि बाजूच्या एक आजी "एवढ्या वरून आला, पण केवढासा आहे" म्हणाल्या ते. खरंच लहानखुरा होता, पाच फूट दोन इंच.

एक प्रश्न. रशियन जमिनीवर उतरायचे आणि अमेरिकन समुद्रात. असं का?

—

रोहिणी_सांगली

माणिकताई, ज्याच्याकडे जे होतं ते त्याने वापरलं. सोव्हिएतकडे हजारो किलोमीटरचं मोकळं गवताळ मैदान, परक्या नजरेपासून दूर. अमेरिकेचं उड्डाण फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे, आणि जगभर पसरलेलं नौदल हाताशी. पाणी मऊ, पण त्याचेही धोके. जुलै १९६१ मध्ये अमेरिकन अंतराळवीर गस ग्रिसमची कुपी अटलांटिकमध्ये उतरली, दाराचे स्फोटक बोल्ट अवेळी उडाले, पाणी आत शिरलं. ग्रिसम पोहत वाचला, कुपी बुडाली. ती १९९९ साली जवळपास पाच किलोमीटर खोलीवरून बाहेर काढली. मे १९६२ मध्ये दुसरा अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर ठरल्या जागेपासून चारशे किलोमीटर पुढे पडला. जहाजं पोचेपर्यंत तराफ्यावर बसून राहिला.

अमेरिकेच्याच जॉन ग्लेनचं तर माहीतच असेल. २० फेब्रुवारी १९६२, तीन फेऱ्या. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात संदेश दिसला की उष्णतेची ढाल सैल झाली आहे. ढाल निसटली तर माणूस जळणार. ब्रेकची रॉकेटं ढालीवर पट्ट्यांनी बांधलेली असतात आणि वापरून झाली की सोडून देतात. ती सोडूच नका असं ठरलं, निदान पट्ट्यांनी ढाल जागेवर राहील. खाली येताना ग्लेनच्या खिडकीबाहेरून जळते तुकडे उडत गेले. ते ब्रेकच्या पेटीचे की ढालीचे, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नव्हता. ढाल शाबूत होती. बिघाड दाखवणाऱ्या यंत्रणेतच होता.

आणि अवकाशात गेलेली पहिली स्त्री, व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा. ही गोष्ट मुलींना मी मुद्दाम सांगते. जून १९६३, ४८ फेऱ्या, जवळजवळ तीन दिवस. वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की यान दिशा चुकीची धरतंय, ब्रेक लागला तर आपण खाली न जाता वर जाऊ. मे १९६० ला झालं तेच, या वेळी आत माणूस. तिने कळवलं, जमिनीवरून दुरुस्त आकडे आले, ती उतरली. मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांनी हे कुणाला सांगू नकोस म्हटलं आणि तिने कितीतरी दशकं तोंड उघडलं नाही. तेवढ्या वर्षांत लोक म्हणत राहिले की तिला नीट जमलं नाही. मला याचा फार राग येतो.

—

खगोलवेडा_०७

ताई, मग यानाबाहेर पडलेला पहिला माणूस, रशियाचा लिओनोव्हही तुमच्याच बाजूचा निघाला. मार्च १९६५ ला तो यानाबाहेर तरंगला ती बारा मिनिटं सगळ्यांना माहीत असतात. सूट फुग्यासारखा फुगला, आत शिरता येईना, त्याने स्वतः झडप उघडून हवेचा दाब कमी केला. पण त्यानंतरचं कमी लोक सांगतात. परतायच्या वेळी आपोआप दिशा धरणारी यंत्रणा बंद पडली. त्याच्या सोबतच्या पावेल बेल्यायेव्हने हाताने यान वळवलं. सूट घालून बसायच्या खुर्च्या खिडकीशी काटकोनात लावलेल्या, त्यामुळे बाहेर बघायला दोघांना खुर्च्यांवर आडवं व्हावं लागलं, मग पुन्हा जागेवर बसेपर्यंत पाऊण मिनिट गेलं. सेकंदाला पावणेआठ किलोमीटरने पाऊण मिनिट म्हणजे किती, हिशेब करा. उतरले ते पर्मच्या जंगलात, कमरेएवढ्या बर्फात. हेलिकॉप्टरला उतरायला जागा नाही. दोन रात्री जंगलात काढून ते स्की घालून बाहेर आले.

—

फौजी_सातारा

कोमारोव्हचं नाव अजून कुणी घेतलं नाही. मी घेतो.

रशियन अंतराळवीर व्लादिमिर कोमारोव्ह, यान सोयूझ १, एप्रिल १९६७. वर गेल्यापासून यानाने त्रास दिला. एक सौर पंखा उघडलाच नाही, वीज अपुरी, दिशा धरणं अवघड. तरी त्याने हाताने यान सांभाळलं, ब्रेक बरोबर लावला, हवेतून बरोबर आला. सगळं अवघड काम त्याने केलं. मग लहान छत्री उघडली, पण ती मोठ्या छत्रीला पेटीतून ओढू शकली नाही. त्याने राखीव छत्री सोडली, ती लहान छत्रीच्या दोऱ्यांत गुंतली. २४ एप्रिलला ओर्स्कजवळ यान जमिनीवर आदळलं.

छत्री घडी घालणाऱ्या माणसांना आम्ही फार मान द्यायचो. आपला जीव दुसऱ्याने घातलेल्या घडीत असतो. इस्रोने २००७ च्या जानेवारीत आपली पहिली कुपी कक्षेतून परत आणली, बंगालच्या उपसागरात, तिची छत्री आग्र्याच्याच प्रयोगशाळेने केली होती. तो दिवस मी पेढे वाटून साजरा केला. शेजाऱ्यांना कळेना, कशाबद्दल.

—

माणिक_गिरगाव

फौजीकाका, नमस्कार तुम्हाला.

वडील गोदीत होते, म्हणून मुंबईची एक गोष्ट मी जपून ठेवली आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये रशियाचं झोंड ५ चंद्राला वळसा घालून परत आलं. चंद्रापर्यंत जाऊन परतलेले पहिले जीव त्यात होते, दोन कासवं. माणसांना चंद्राभोवती नेणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो ८ च्या तीन महिने आधी. उतरायचं होतं रशियात, पण दिशेचा बिघाड झाला आणि कुपी हिंदी महासागरात पडली. रशियन जहाजांनी ती उचलली, मुंबई बंदरात आणली आणि इथून विमानाने मॉस्कोला नेली. चंद्रामागून आलेली कासवं आपल्या गोदीतून गेली! वडिलांना तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

—

रोहिणी_सांगली

माणिकताई, हे मी काल नववी ब ला सांगितलं. मुंबई म्हटल्यावर वर्ग एकदम जागा झाला. कासवांचं वजन दहा टक्के घटलं होतं पण भूक चांगली होती, असं सांगितल्यावर टाळ्या वाजल्या.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. एरवी ती बोलत नाही. विचारलं, "बाई, मग त्यांना कुठे सोडलं?"

सोडलं नाही. मॉस्कोला नेल्यावर अवकाशाचा शरीरावर काय परिणाम झाला ते बघण्यासाठी त्यांना मारून तपासलं. मी ते तसंच सांगितलं. वर्ग गप्प झाला. तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि माझी वही मागितली, चायका, लिसिच्का, पचोल्का, मुश्का ही नावं लिहिलेली. त्यांच्या खाली तिने पेन्सिलीने दोन कासवं काढली.